मापाची रायफल

“अस्वलांच्या मुलखात राहता ना? मग हिच्याखाली उतरूच नका,” असे म्हणत दुकानदाराने काउंटरवर जी रायफल ठेवली, ती पाहूनच केंतीचा खांदा दुखायला लागला. नळी अंगठ्यासारखी जाड. शेजारी त्याने एक काडतूस उभे करून ठेवले. ते केंतीच्या तर्जनीपेक्षा लांब होते.

“थ्री सेव्हंटी-फाइव्ह,” दुकानदार म्हणाला. “कोडियाकचं अस्वल समोरून धावत आलं तरी बसतं खाली.”

“आणि मारणारा?” केंतीच्या बायकोने, फेडोसने विचारले.

“म्हणजे?”

“मारणारा पण बसतो का खाली, विचारतेय.”

दुकानदार मनापासून हसला. अँकरेजच्या त्या दुकानात दिवसभर परगावचे शिकारी येत आणि जेवढी मोठी गोळी तेवढे खूश होऊन जात. अशी गिऱ्हाइके त्याला क्वचित मिळत असावीत. फेडोसने रायफल दोन्ही हातांनी उचलली, खांद्याला लावली आणि लगेच खाली ठेवली. तिच्या मनगटाची थरथर केंतीने पाहिली.

“हे बघा,” फेडोस म्हणाली, “अस्वल आम्हाला रोज दिसतं. रोज कुणी मारत नाही. आम्ही मारतो हरणं. अस्वल अंगावर आलंच तर तेवढ्यापुरतं. अस्वलाच्या भीतीनं लोक तोफ घेतात आणि मग तोफेच्या भीतीनं डोळे मिटून चाप ओढतात. डोळे मिटून मारलेली गोळी कुणाला लागणार? झाडाला.”

“मग मधली घ्या. थ्री थर्टी-एट.”

“त्याची काडतुसं आमच्या गावात मिळत नाहीत. हवा बिघडली की आठ-आठ दिवस विमान उतरत नाही. दुकानात पिठाच्या पोत्याशेजारी एकच खोकं असतं, थर्टी-ओ-सिक्सचं. तेच द्या. जड गोळी घातली की हरीणही होतं आणि अस्वलही.”

“लाकडी दस्त्याची एक सुरेख आलीय...”

“लाकूड नको.” हे मात्र ती पटकन म्हणाली.

लाकडाचे दुखणे तिला ठाऊक होते. तिच्या बापाची रायफल अक्रोडाच्या दस्त्याची, दिसायला देखणी. पण आमच्या कोडियाक बेटावरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. बोटीत खारे पाणी उडते, रात्री ओली बंदूक गोठते, सकाळी चुलीजवळ तिच्यावरचा बर्फ वितळतो. सप्टेंबर संपेपर्यंत दस्ता फुगायचा, नळीला एका बाजूने रेटायचा आणि गोळी डावीकडे जायला लागायची. फेडोस मग उजवीकडे नेम धरायची. किती उजवीकडे, ते हवा बघून ठरवायची. रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने ती नळी पुसायची आणि रोज सकाळी फडक्यावर तांबूस डाग यायचाच. “म्हातारा घोडा आहे,” म्हणायची, “पण त्याला माझी सवय आहे.”

आता तिने न गंजणाऱ्या पोलादाची रायफल मागितली, चमक घालवलेली. चकाकणारी नको, हरणाला दुरून दिसते. दस्ता फायबरचा. काडतूस आत सरकवणारा बोल्ट असा हवा की जाड हातमोज्यातूनही पकडता यावा. आणि दुर्बीण असली तरी खाली नेम धरायची लोखंडी माशी हवीच; काच धुकटली की दुर्बीण काढून फेकता आली पाहिजे. दुकानदार एकेक रायफल काढत गेला, ती एकेक परत करत गेली. शेवटी एक राखाडी रायफल तिने हातात धरून ठेवली. बोल्ट मागे-पुढे केला, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला.

केंती हे सगळे पाहत होता आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला श्वास नीट घेता येत होता.

सकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची ओढून फेडोसच्या गुडघ्याजवळ आणली, तेव्हाच तिला काय ते कळले होते. दुखणे यकृतात पसरले होते. शहरात राहून औषधे घेतली तर थोडे दिवस वाढतील, पण ते दिवस पलंगावरचे असतील, असे बाईंनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितले. “शरद ऋतू दिसेल?” फेडोसने विचारले होते. “दिसेलही,” बाई म्हणाल्या होत्या. “मग घरी जाते.” केंती तेवढा वेळ भिंतीवरचे हात धुण्याच्या पद्धतीचे चित्र वाचत बसला होता. त्याने ते इतके वाचले की पुढे कित्येक महिने हात धुताना त्याला ते आठवत असे. मग जिना उतरताना ती म्हणाली, “मला बंदुकीच्या दुकानात जायचंय.” आणि त्याच्या मनाने उचल खाल्ली. मरायला निघालेले माणूस नवी बंदूक कशाला घेईल?

“हीच,” आता ती दुकानदाराला म्हणाली. “फक्त दस्ता आखूड आहे. बोटभर लांब करून मिळेल?”

“बाई, तुमच्या हाताला हा आहे तोच लांब पडतोय. उलट कापायला हवा.”

“माझा हात नका मापू. याचा मापा.”

केंतीने मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

“माझा? माझा कशाला?”

“कोपर वाक, केंती.”

“फेडोस, मी कुठं बंदूक मारतो?”

“कोपर वाक म्हटलं ना. त्यांना दुसरी गिऱ्हाइकं आहेत.”

दुकानदाराने त्याच्या कोपराच्या खोबणीपासून तर्जनीपर्यंत टेप लावला. केंती हात वाकवून उभा राहिला, शाळेत उभे केलेल्या पोरासारखा. माप घेऊन झाले तरी त्याला हात खाली घ्यायचे सुचेना. शेवटी फेडोसनेच तो धरून खाली केला.

* * *

केंतीचे पूर्ण नाव अनाकेंती. तो मूळचा आमच्या गावचा नव्हे. गावाला पहिला मोठा जनरेटर आला, तेव्हा तो बसवायला कोडियाक शहरातून आला होता. “जनरेटर गावाने ठेवला आणि केंतीला फेडोसने,” अशी आमच्याकडे जुनी थट्टा आहे. तेव्हापासून वीजघराची किल्ली त्याच्याच कमरेला. वादळात, बर्फात, ईस्टरच्या प्रार्थनेच्या मधोमध दिवे फडफडले की सगळ्यांच्या माना केंतीकडे वळायच्या आणि तो टोपी उचलून निघायचा. बुजरा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला माणूस. अंगाला कायम डिझेलचा वास.

फेडोसच्या बापाला मुलगा नव्हता. त्याने मुलीलाच डोंगर दाखवला. बाप गेल्यावर तिने बंदूक खाली ठेवली नाही. शरदात केंती बोट चालवायचा, ती हरीण मारायची. त्यांना मूल झाले नाही, दोघांना लागून लागून किती मांस लागणार? बाकीचे ती वाटायची. गावात ज्यांच्या घरी शिकार करणारे हात उरले नव्हते, त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या फ्रीजरमध्ये फेडोसचे हरीण असे. तरणी पोरे केंतीला ‘फेडोसचा नावाडी’ म्हणत. तो हसायचा. त्याला ते खरेच आवडत असावे.

बंदूक त्याने एकदाच धरली होती, लग्नानंतरच्या पहिल्या शरदात. त्याची गोळी हरणाच्या पोटात लागली आणि ते अल्डरच्या झुडपांत शिरले. अंधार पडेपर्यंत दोघांनी शोधले. ते दिसले नाही, पण आवाज येत राहिला. हरणाला असा आवाज असतो हे केंतीला माहीत नव्हते. त्यानंतर त्याने बंदुकीला हात लावला नाही आणि फेडोसनेही कधी विषय काढला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

आता मात्र तिने काढला. मे महिन्यात नवी रायफल टपालाच्या विमानाने आली, दस्ता केंतीच्या मापाचा करून. पहिला पाऊस लागलेला दिवस बघून ती म्हणाली, “चल.”

“आज? एवढ्या पावसात?”

“उन्हात कुणीही मारतं. आपल्याकडे ऊन असतं कधी?”

किनाऱ्यावर तेलाच्या पिंपाचे झाकण तिने दगडांना टेकवून ठेवायला लावले. स्वतः मासळीच्या उलट्या क्रेटवर बसली. अंगावर घोंगडी आणि तिच्यावरून रेनकोट. केंतीने रायफल खांद्याला लावली, दात आवळले, डोळे मिटले आणि चाप ओढला. गोळी समुद्रात गेली.

“समुद्र मेला,” फेडोस म्हणाली. “आता झाकणाकडे बघ.”

तिने काय करावे? प्रत्येक वेळी काडतूस ती स्वतः भरायची, त्याला पाठ करून. कधी भरायची, कधी नुसताच बोल्ट सरकवून रिकामी द्यायची. आत काय आहे ते केंतीला कळायचे नाही. रिकाम्या रायफलीचा चाप ओढतानाही तो सगळ्या अंगाने दचकायचा आणि ‘टक’ एवढाच आवाज व्हायचा.

“बघितलंस? गोळी नव्हती, धक्का नव्हता. मग कोण हललं?”

“मी.”

“तू. बंदूक नाही हलली. परत.”

शेजारची मात्रोना एमा आपल्या दारातून ओरडायची. एमा म्हणजे आजी. ती सगळ्या गावाचीच एमा. “काय गं फेडोस, लढाई काढलीस का दारात? माझा चहा हिंदकळतोय इथं!”

“तुझ्यासाठीच चाललंय, एमा! याला शिकवतेय!”

“याला? अगं, मग मला एखादी कोंबडी तरी पाळू दे आत्तापासून!”

तिघेही हसले. केंती सगळ्यात जास्त हसला आणि मग हसता हसता त्याने रायफल दगडावर टेकवली.

“बास झालं, फेडोस. मला नाही जमत. आणि कशासाठी जमवायचं? तू... मी एकटा असा किती खाणार? डब्यातलं खाईन. दुकानातली कोंबडी खाईन.”

“खा की,” ती म्हणाली. “आणि एमाला काय देशील? डबा?”

पावसाचे पाणी त्याच्या टोपीच्या कडेवरून ओघळत होते.

“मी तुला पोट भरायला नाही शिकवत, केंती. पोट काय, कसंही भरतं. माझ्यामागं तू त्या वीजघरात जाऊन बसशील आणि जनरेटर बंद पडल्याशिवाय कुणी तुझं दार वाजवणार नाही. मी ओळखत नाही का तुला? तुझ्याकडे मांस असलं तर तुला दारोदार जावं लागेल. लोक आत बोलावतील. चहा देतील. बसवतील.” बोलता बोलता तिला दम लागला. “उचल ती. ओली जागा पुसू नको, काही होत नाही तिला. म्हणून तर घेतली.”

केंतीने रायफल उचलली. त्या दिवशी त्याने झाकणाला भोक पाडले. कडेला का होईना, पाडले.

उन्हाळाभर हे चालले. क्रेटवर बसणे तिला झेपेना, तेव्हा त्याने खिडकीजवळ पलंग ओढला आणि ती खिडकीतून सांगू लागली. पुढे ओरडणे झेपेना, तेव्हा ती नुसता हात दाखवायची. डावीकडे. खाली. छान. ऑगस्टमध्ये झाकणाच्या मधोमध चाळणी झाली होती.

* * *

सप्टेंबरच्या अखेरीस एका उघडिपीच्या दुपारी ती म्हणाली, “मला खाडीत ने.”

तो तिला उचलून बोटीपर्यंत घेऊन गेला. ती इतकी हलकी झाली होती की त्याने पाऊल जपून टाकले, वाऱ्याने उडून जाईल अशा वस्तूसारखे तिला धरून. बोटीच्या तळाशी गादी घातली होती. खाडीच्या टोकाला, जिथे ओढा समुद्राला मिळतो, तिथे त्याने बोट वाळूवर चढवली.

“जा,” ती म्हणाली. “मी आहे इथं.”

तो गवतातून वर गेला. उतारावर, उघड्यावर, एक नर उभा होता. दोन फाट्यांच्या शिंगांचा, मानेत भरलेला. वारा समोरून होता. केंती गुडघ्यावर बसला, सेफ्टीचा खटका काढला, रायफलीवरच्या दुर्बिणीत हरणाचा खांदा धरला. सगळे तिने शिकवले तसे. हात हलत नव्हता. डोळे उघडे होते. आणि बोट चापावर जाऊन थांबले ते थांबलेच. हरणाने मान वर केली, त्याच्याकडे बघितले, पुन्हा खाली घातली. केवढा तरी वेळ ते तिथे चरत होते. मग सावकाश झुडपांत गेले.

केंती खाली आला. “काही दिसलं नाही,” म्हणाला.

“बरं.”

त्याने बोट लोटली. निम्मी खाडी मागे पडली. मग त्याचे लक्ष गेले. गादीवर, तिच्या हाताशी, गळ्यात अडकवायची दुर्बीण पडली होती आणि तिच्या काचांवरची टोपणे काढलेली होती.

“छान होता ना?” फेडोस म्हणाली.

केंतीने इंजिन बंद केले. बोट आपोआप फिरू लागली. तो तोंड फिरवून बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. तिने त्याच्या बुटावर हात ठेवला. तेवढेच पोचत होते.

“मला वाटलं होतं तुला दाखवीन,” तो म्हणाला. “तू असताना एकदा.”

“दाखवलंस की. हात नव्हता हलत तुझा. मी बघितलं.”

“पण मारला नाही.”

“त्याचा दिवस नव्हता.” मग ती म्हणाली, “मला गार वाटतंय रे. चल घरी.”

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. दुपारी. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता. केंतीने तिला चहात बुडवलेले जाड बिस्किट भरवायला चमचा उचलला होता. तो चमचा त्याने बराच वेळ तसाच धरून ठेवला होता, असे एमाने नंतर सांगितले. एमाच पहिल्यांदा आत गेली होती.

हवेमुळे पाद्रीबाबांचे विमान तीन दिवस लांबले. गावातल्या पुरुषांनी पेटी केली, बायकांनी आत तिच्याच हातची गोधडी अंथरली. टेकडीवर, तिच्या बापाशेजारी तिला ठेवले. पांढरा तीन आडव्या पट्ट्यांचा क्रूस केंतीने स्वतः रंगवला. त्या आठवड्यात दिवे एकदाही फडफडले नाहीत. त्यामुळे कुणाला त्याच्या दाराशी जायचे कारण पडले नाही. आम्ही जायला हवे होते. पण काय बोलावे ते सुचत नाही म्हणून प्रत्येकाने दुसरा जाईल असे धरले.

* * *

चाळिसाव्याच्या जेवणाची बोलणी एमाच्या स्वयंपाकघरात झाली. आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी आत्मा निरोप घेतो. सगळे गाव जेवायला बसते, गेलेल्या माणसाचे एक ताट वाढून ठेवतात. कुणी साल्मन मासा आणि भात भरून भाजलेला मोठा पिरोक करणार होते, कुणी तळलेल्या पोळ्या, कुणी बेरीचा मुरंबा.

“मांस?” कुणीतरी विचारले.

“फ्रीजरमध्ये तिचंच शेवटचं होतं. संपलं,” एमा म्हणाली. “या वर्षी कुणाकडे जास्तीचं नाही. दुकानातून कोंबड्या मागवू. काय करणार.”

तिने टोमणा मारला नव्हता. ती केंतीकडे पाहतही नव्हती. पण केंतीने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र करडा होता आणि पाऊस अर्धा बर्फाचा. अशा हवेत कुणी शहाणा बोट काढत नाही. केंतीने काढली. खाडीत शिरेपर्यंत त्याच्या मिशा गोठल्या होत्या. रायफल पायाशी होती, तिच्यावरून खारे पाणी वाहत होते.

नोव्हेंबरात हरणे खाली उतरतात. त्याला फार चढावे लागले नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला झुडपांच्या कडेने एक नर पाठमोरा चालला होता. केंतीने दुर्बिणीतून पाहिले; काचेत नुसते पांढरे होते. त्याने बोटांनी खटके दाबले, दुर्बीण काढून खिशात घातली. गुडघ्यावर बसला. नर वळला. बाजू समोर आली.

‘मी चुकलो तर,’ एवढे त्याच्या मनात आले. त्या जुन्या आवाजाची त्याला आठवण झाली. मग त्याने श्वास अर्धा सोडला, आणि रायफल खांद्यात उडाली. ती उडेपर्यंत आपण चाप ओढला हे त्याला कळले नव्हते. हरीण दोन उड्या मारून बसले आणि आडवे झाले. कसलाही आवाज आला नाही. पावसाचा तेवढा येत होता.

तो जवळ गेला, हरणाच्या डोळ्याला गवताच्या काडीने स्पर्श करून पाहिले. मग ओल्या गवतात तसाच बसून राहिला.

आतडी काढत असताना पलीकडच्या काठावर डोमकावळे उडाले. त्याने मान वर केली. ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, अस्वल उभे होते. गोळीचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा, हे आमच्या बेटावरच्या अस्वलांना कधीचे कळले आहे. अंग ओले, काळपट, माथा पिंपाएवढा. ते मागच्या पायांवर उभे राहिले आणि त्याने हवा हुंगली.

केंतीने रायफल उचलली. बोल्ट बर्फाच्या चिखलाने माखला होता. तरी तो सहज मागे आला, पुढे गेला, काडतूस आत बसले. त्याने माशी अस्वलाच्या छातीवर ठेवली आणि बोट चापाच्या बाहेर, त्याच्याभोवतीच्या कडीवर लांब ठेवले.

“दादा,” तो मोठ्याने म्हणाला. जुनी माणसे अस्वलाशी बोलतात तसे, हळू आणि अदबीने. “आतडी तुझी. यकृतही ठेवतो. मांस मला लागतंय. घरी जेवण आहे आमच्या.”

अस्वल चार पायांवर आले. एक पाऊल पाण्यात टाकले आणि थांबले.

“बायकोचं जेवण आहे,” केंती म्हणाला. हे त्याने आजवर कुणाला म्हटले नव्हते. म्हटल्यावरही रायफल हलली नाही. “तुला ठाऊक असेल ती. फेडोस. या खाडीत यायची.”

अस्वल पाण्यातच राहिले. डोके इकडून तिकडे हलवत वास घेत राहिले. केंतीने सेफ्टी लावली, रायफल पाठीला अडकवली, आणि वाकून हरणाचे शिंग धरले.

इतकी वर्षे हे ओझे दोघांनी ओढले होते. एक शिंग तिच्या हातात, एक याच्या. मध्ये हरीण सरळ यायचे. आता त्याने एकच शिंग धरून ओढले तशी मान पिळवटली आणि अंग एका बाजूला घसरले. पुन्हा सरळ करून ओढले, पुन्हा घसरले. मागच्या गवतात वाकडी वाट पडत चालली होती. चार-सहा वेळा असे झाल्यावर तो थांबला. मग त्याने वळून दोन्ही हातांनी दोन्ही शिंगे धरली आणि उलट्या पावलांनी उतरायला लागला. तोंड डोंगराकडे, पाठ समुद्राकडे.

वर अस्वल ओढा ओलांडून आतड्यांपाशी आले होते. त्याने केंतीकडे पाहिले नाही.

“मागचा एक पाय एमाला,” केंती धापा टाकत म्हणाला. उतरता उतरता ते दोघे मांसाची वाटणी करत असत आणि हमखास भांडत असत. “दुसरा जेवणाला. पाठ जेवणाला.” तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा ओढले. “पुढचे पाय खालच्या आळीत, दोघा भावांना.” पाय गवताच्या गड्ड्यांना अडखळत होते. मागे बघता येत नव्हते. “आणि मान?”

मानेचा रस्सा कुणाकडे जास्त चांगला शिजतो यावर दर वर्षी वाद व्हायचा. पाऊस हरणाच्या उघड्या डोळ्यांत पडत होता.

“मान कुणाला, फेडोस?”

मग त्याने पुन्हा शिंगे घट्ट धरली आणि तो ओढत राहिला, वाळू लागली तरी, शेवाळे लागले तरी. आपण किनाऱ्याला पोचलो हे त्याला बुटांत पाणी शिरले तेव्हा कळले.